कुठं उतरणार?

इस्लामपूरच्या स्टँडवर कंडक्टरनं दोन तिकिटं फाडून दिली, तेव्हा आत्तीनं आपलं तिकीट चष्म्याजवळ धरून दोनदा वाचलं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे हे तिला माहीत होतं. सांगलीला ती त्याच दरानं जाते. पण मुंबईसुद्धा अर्ध्यात, हे तिला पटेना. पंचाहत्तरी झाली की पूर्ण फुकट, असं मी सांगितलं. आत्तीला त्र्याहत्तर चालू. तिनं मनाशी हिशेब केला आणि म्हणाली, "मग दोन वर्सं दम धराय पायजे हुता."

दम धरण्यासारखं काम नव्हतं. तिच्या गळ्याशी सुपारीएवढी गाठ आली होती आणि सांगलीच्या डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहून तोंडी म्हटलं होतं, "एकदा परळला दाखवून या." आमच्या वाळवा तालुक्यात 'परळला दाखवा' याचा अर्थ कुणी विचारत नाही. टाटा हॉस्पिटल १९४१ पासून तिथं उभं आहे आणि त्या दोन शब्दांनी आमच्याकडच्या किती घरांतली जेवणं थांबली असतील, त्याची मोजदाद नाही. आत्तीनं मात्र जेवण सोडलं नाही. तिनं चार दिवस पुरतील एवढ्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधली. पुतण्यासाठी पाच किलो इंद्रायणीही घेतला, आणि तो भार पुढचे सगळे जिने माझ्या खांद्यावर आला.

आमच्या गावाला रेल्वे नाही. गाडी पाहिजे असेल तर कृष्णेपलीकडं जावं लागतं: ताकारी, किर्लोस्करवाडी, नाहीतर कराड, आणि कराडचं स्टेशनही कराडात नसून ओगलेवाडीत. तिथून महालक्ष्मी किंवा कोयना एक्स्प्रेस मिळते. म्हणून गावाची मुंबई रस्त्यानंच. रात्री पेठ नाक्यावर जाऊन उभं राहिलं की कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या रांगा दिसतात. क्लीनर दारात लटकून ओरडत असतात ती नावं बघा: पनवेल, वाशी, चेंबूर मैत्री पार्क, सायन, दादर, बोरिवली. मुंबई असं कुणी ओरडत नाही. आमच्याकडच्या माणसाला मुंबईत जायचं नसतं, मुंबईतल्या एका ठिकाणी उतरायचं असतं. ते ठिकाण आधी माहीत पाहिजे.

आणि ते नाव बरोबर माहीत पाहिजे. २०२५ साली आमच्या गावाचं नाव ईश्वरपूर करायचा निर्णय झाला. कागदावर झाला, आत्तीच्या तोंडी मात्र ना इस्लामपूर ना ईश्वरपूर. ती कृष्णाकाठच्या बोरगावात दिलेली, पण माहेर जुन्या गावठाणातलं, म्हणून तिच्या लेखी गाव म्हणजे 'उरुण'. नगरपालिकेच्या नावात 'उरुण-इस्लामपूर' असं जोडनाव राहिलं ते त्याचंच. मुंबईच्या बाबतीतही तिचं घड्याळ असंच मागं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला ती बोरीबंदर म्हणते. व्हीटीवर येऊन थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. बोरीबंदरावर थांबलेली ही एकच. तिथं लोक अजून कुठल्या नावानं वाट विचारतात आणि पाटीवर कुठलं नाव असतं, यातलं अंतर पाहुण्याला सगळ्यात महाग पडतं. एल्फिन्स्टन रोड २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. दादरला मध्य रेल्वेच्या फलाटांचे आकडे डिसेंबर २०२३ मध्ये बदलले. पूर्वीचा एक नंबर आता आठ. पासवाल्याचे पाय आपोआप वळतात, त्याला आकड्याची गरज नाही. आकडा आपल्यासाठी असतो, आणि बदलतो तोही आपल्याच जिवावर.

आत्तीचे यजमान, म्हणजे आमचे मामा, लालबागच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि वर्षभरानं ते ट्रंक घेऊन गावी आले, ते पुन्हा गेले नाहीत. त्याआधी, लग्न नवं असताना, आत्ती सहा महिने त्यांच्याकडं राहिली होती. पुरुषांनी पाळ्या लावून झोपायच्या त्या खोल्या. बायको आणणं म्हणजे चैन. तेव्हाची मुंबई तिनं फार पाहिली नाही, पण मामांनी शिकवलेला एक नियम तिला पक्का पाठ होता: "चुकलं तर जितं उतरलं तितंच उभं ऱ्हायचं. शोधणारा मागं येतो. आपुन बी चालाय लागलं की दोघं बी गावत न्हाईत." मोबाइलच्या काळातही याहून शहाणी सूचना मला कुठल्या माहितीपत्रकात सापडलेली नाही.

तिच्या आधीच्या पिढीचं जाणं आणखी वेगळं. आमच्याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आईबापांबरोबर मुंबईला चालत गेले. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासची वाट, पोटासाठी मिळेल तिथं काम करत, मुक्काम करत. पुढं त्यांनी मुंबईवर लावणी रचली, गावी राहिलेल्या मैनेवर छक्कड रचली. घाट उतरून बंदराच्या शहरात जाणाऱ्या आमच्या मुलखाची सगळी वाहतूक या दोन रचनांच्या मधे मावते, असं मला वाटतं. असो.

पहाटे वाशीला उतरलो. पुतण्या स्कूटर घेऊन आला होता, पण तांदळाचं पोतं, दोन पिशव्या आणि आम्ही दोघी बघून त्यानं रिक्षा केली. तो बाजार समितीत माथाडी, राहतो कोपरखैरण्याला. साताऱ्याकडच्या अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र केलं, १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, आणि पुढं मशीद बंदरचा घाऊक बाजार खाडीपलीकडं हलला तशी ही माणसंही हलली. कोपरखैरणे-तुर्भ्यात सकाळी दूध आणायला उभं राहिलं तर कानावर पाटण, शिराळा, वाळवा, जावळी सगळं पडतं. गावाकडचा पाहुणा आता लालबागला कमी आणि इथं जास्त उतरतो. त्यामुळं त्याची मुंबई खाडीच्या अलीकडून सुरू होते.

चहा पिताना घरात वाद लागला. परळला जायचं कसं? पुतण्या म्हणे, वाशीवरून हार्बर धरा, कुर्ल्याला बदला, तिथून स्लो. त्याची बायको म्हणे, उलटं ठाण्याला जा. लांब पडतं, पण बदल एकच, आणि ठाण्याहूनच सुटणारी स्लो मिळाली तर बसायला जागा. ठाणे-वाशी हा मार्ग २००४ पासून आहे. नवी मुंबईची माणसं मुंबईकडं पाठ करून मुंबईत जायला शिकली ती त्यानंतर. पुरुषाचं ऐकायचं अशी घरातली रीत असल्यामुळं पहिल्या दिवशी आम्ही कुर्ल्याला गेलो.

त्याआधी तिकिटाची खिडकी. आत्तीनं पदराच्या गाठीतले पैसे काढून ठणकावून सांगितलं, "दोन अर्धी." खिडकीतल्या माणसानं मान वर केली. लोकलमध्ये बायकांना सवलत नाही, आणि रेल्वेतली वडीलधाऱ्यांची सवलत तर मार्च २०२० पासून बंदच आहे. आत्ती नाराज झाली; पण वाशी ते परळ एवढ्या लांबचं पूर्ण तिकीटही पेठ नाक्याच्या वडापपेक्षा फार जास्त नाही हे कळल्यावर तिनं रेल्वेला माफ केलं. दुसऱ्या वर्गाचं कमीत कमी तिकीट अजून ५ रुपये आहे. वातानुकूलित लोकलचं ३५. पाहुण्यांसाठी एक, तीन आणि पाच दिवसांचं पर्यटक तिकीटही असतं. तिन्ही मार्गांवर चालतं, रोज रांग लावावी लागत नाही. पुतण्याला हे माहीत नव्हतं. मुंबईकराला पास माहीत असतो, आणि पाहुणा मुंबईकरालाच विचारतो, त्यामुळं ही गोष्ट पाहुण्यापर्यंत पोचतच नाही.

वाशी सुटलं की पूल लागतो. १९९२ मध्ये या पुलावरून लोकल सुरू झाली आणि नवी मुंबई खऱ्या अर्थानं मुंबईला जोडली गेली. भरती होती. दोन्ही बाजूंना मळकट, रुंद, सुस्त पाणी. आत्तीनं खिडकीच्या जाळीला बोटं लावली. "किष्णेला पूर आल्यावाणी दिसतंय," ती म्हणाली, आणि डब्यातल्या चारपाच बायकांनी मोबाइलमधून डोकी वर काढून त्या पाण्याकडं बघितलं. रोज बघत असतील असं वाटलं नाही.

बायकांचा डबा कुठं येतो हे फलाटावर उभ्या बाईला विचारावं. डब्यावर डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईचं चित्र असतं, पण गाडी येऊन ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आत शिरल्यावर एकच प्रश्न येतो: "कुठे उतरणार?" पहिल्यांदा ऐकलं की चौकशी वाटते, आपुलकी वाटते. ती जागेची नोंदणी असते. बसलेली बाई जिथं उतरणार तिथपर्यंत तिची सीट तिची. तिनं कुणाला 'हो' म्हटलं की ती विकली गेली. आत्तीला कुणी उभं ठेवलं नाही, तीन जणींच्या बाकावर तिला चौथी सीट मिळाली. चौथी सीट म्हणजे अर्धं बूड आत आणि एक पाय वाटेत. पण तिला प्रश्न विचारला गेला तेव्हा तिनं उत्तर सुरू केलं ते सांगलीच्या डॉक्टरांपासून. चुनाभट्टीची बाई ऐकत होती, गोवंडीची बाई ऐकत होती. 'कुर्ला' हा शब्द काही येईना. शेवटी मीच म्हटलं. ताबडतोब दोघींनी आत्तीची जागा वाटून घेतली.

कानातली, टाचण्या, केसांचे चाप विकणारी बाई आली, गेली. कुणी मेथी निवडत होतं. दसऱ्याला या डब्यांना तोरणं लावतात आणि संक्रांतीला इथं वाण लुटतात, हे पुतण्याच्या बायकोनं सांगितलं होतं. आत्तीनं सगळं बघून ठरवलं की हे बाजाराच्या दिवशीच्या एसटीसारखं आहे, फक्त भांडण लवकर मिटतं.

कुर्ल्याला हार्बरचे फलाट सात आणि आठ. तिथून मध्य रेल्वेच्या स्लोकडं जायचं म्हणजे जिना, पूल आणि पुन्हा जिना. आत्तीचा उजवा गुडघा दोन वर्षं दुखतो. तिला शेतातून डोक्यावर वैरण आणायची सवय, सपाटीला ती माझ्यापुढं जाते. पण पायरी तिची वैरीण. स्टेशनांवर आता सरकते जिने आहेत, लिफ्ट आहेत, पण त्या फलाटाच्या एका टोकाला, आणि आपण उतरतो नेमके दुसऱ्या टोकाला. सकाळचे नऊ वाजले होते, तीच चूक. त्या वेळी पुलावर माणूस चालत नाही, नेला जातो. आत्ती घरापासून पायऱ्या मोजत आली होती; वाशीचा आकडा तिच्याकडं होता, कुर्ल्याला तिनं मोजायचं सोडून माझा दंड धरला.

मला तेव्हा कळलं की मुंबईचा नकाशा आपल्याला चुकीचा शिकवतात. त्यावर रेघा काढलेल्या असतात, रेघांवर ठिपके. रेघेवर तुम्ही बसलेले असता, वारा लागतो, काही करायचं नसतं. पाहुण्याची परीक्षा ठिपक्यात असते: दोन रेघा जिथं मिळतात त्या गाठीत. कुठला जिना, पूर्व की पश्चिम, कुठल्या बाजूला फलाट येणार. रोज सत्तर लाखांच्या वर माणसं ज्या जाळ्यातून ये-जा करतात, त्यातल्या बहुतेकांना या गाठी डोळे मिटून सोडवता येतात, म्हणून पाट्या कमी पडल्या तरी त्यांचं काही अडत नाही. पाहुण्यांनी विचारायचा प्रश्न 'किती लांब?' हा नसतो. 'किती वेळा बदलायचं?' असं विचारावं, आणि बरोबर म्हातारं माणूस असेल तर 'जिने किती?' असंही.

परळला दिवसभर रांगा. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बसलेली माणसं सगळी आपल्यासारखीच होती. संध्याकाळी परत निघताना मी इंडिकेटरखाली उभी राहिले. त्यावर गाडी कुठं जाणार ते इंग्रजी अक्षरात असतं: 'टी' म्हणजे ठाणे, 'के' म्हणजे कल्याण. इथपर्यंत ठीक. पण कसाऱ्याला 'एन' आणि कर्जतला 'एस'. कल्याणच्या पुढं रेल्वेचे दोन फाटे, एक ईशान्येला नाशिककडं, एक आग्नेयेला आमच्या पुण्याकडं; त्या दिशांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ही अक्षरं आली. त्यात गंमत अशी की पुढच्या रकान्यात स्लो गाडीलाही 'एस'च लिहितात. म्हणजे एक 'एस' गाव सांगतो आणि दुसरा 'एस' चाल. आपल्या लोकांनी शहरातल्या माणसापेक्षा जास्त इंग्रजी शिकावं ते या पाटीसाठी.

दुसऱ्या दिवशी सुनेचं ऐकलं. कोपरखैरण्याहून ठाणे, आणि ठाण्याला सुटणारी गाडी रिकामी येऊन उभी. आत्तीला चक्क खिडकी मिळाली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदराहून निघालेली पहिली गाडी ३४ किलोमीटर येऊन इथंच ठाण्याला थांबली होती. तेव्हापासून हे स्टेशन माणसं उलटीकडं पाठवायचं काम करतंय. तास जास्त लागला, पण पायऱ्या निम्म्या. आत्तीनं सुनेला मनातल्या मनात पास केलं असावं, कारण त्या संध्याकाळी तिनं इंद्रायणी किती आणला ते तिला स्वतः मोजून दाखवलं.

त्या दिवशी तपासण्या अकरापर्यंत उरकल्या आणि अहवाल उद्या. मधल्या वेळेत सिद्धिविनायक. परळहून पश्चिमेला जायला जो जुना पूल होता, तो पाडण्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला, म्हणून वळसा. रिक्षा मिळेना. मिळणारच नव्हती: वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा नसतात, तिथं काळी-पिवळी टॅक्सी किंवा बस. हे आपल्याकडच्या किती तरी लोकांना उतरल्यावर कळतं. आम्ही बेस्ट धरली. कुर्ल्याच्या पुलावर गेलेला आत्तीचा जीव त्या बसमध्ये परत आला. बसला दोन-तीनच पायऱ्या, कंडक्टर खाकीतला, आणि कपाळावरचा नंबर देवनागरी आकड्यात! चौथी शिकलेल्या माणसालाही वाचता येईल असा मुंबईतला तो एक आकडा. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. ट्राम त्याहून जुनी, १८७४ ची, ती ३१ मार्च १९६४ ला संपली. आत्तीला आठवत होती ती दुमजली लाल बस; डिझेलवरची शेवटची दुमजली सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, आता विजेवरच्या वातानुकूलित दुमजली काही मार्गांवर दिसतात. मे २०२५ पासून बेस्टचं किमान तिकीट ५ वरून १० रुपये झालं, बसा कमी झाल्या, थांब्यावर वाट बघणं वाढलं. तरी ज्याच्या गुडघ्यात दम नाही आणि हातात वेळ आहे, त्यानं बेस्ट सोडू नये. रस्ता दिसतो, देऊळ दिसतं, चुकलो तर पुढच्या थांब्याला उतरता येतं.

सिद्धिविनायकाहून परतताना बोरीबंदरापर्यंत आम्ही जमिनीखालून गेलो. मेट्रो तीन, आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं. त्यातलं एकच जमिनीवर. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पूर्ण सुरू झाली. मंत्रालयात कागद घेऊन जाणाऱ्या आमच्या लोकांना विधान भवनाला उतरून वर येता येतं, ही मोठी सोय. सरकता जिना खाली जात राहिला, जात राहिला. आत्ती म्हणाली, "हिरीत उतरल्यागत वाटतंय, पर पानी कुटाय?" विहिरीत गारवा होता मात्र. लिफ्ट शोधायला लागली नाही, जिने सरकणारे, पाट्या मराठीत आणि मोठ्या. खरं तर पाहुण्यासाठी म्हणून बांधलेली मुंबईतली ही पहिलीच वाट. पण डब्यात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आत्तीनं शेजारच्या मुलीला दशमी देऊ केली. तिनं हसून कानातलं यंत्र काढलं, 'नको आजी' म्हटलं आणि परत घातलं. स्टेशनांची नावं आत्ती मोठ्यानं वाचत होती. मुंबई सेंट्रलच्या स्टेशनला जगन्नाथ शंकरशेट यांचं नाव आहे. १८४५ पासून रेल्वेसाठी खटपट करणारा हा माणूस पहिल्या गाडीतही बसला होता. गिरगाव, काळबादेवी आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर ओळख उमटली, पण वर काय आहे ते दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर दोन मिनिटं बोलले. गाठ साधी. सहा महिन्यांनी दाखवा.

बाहेर आल्यावर आत्ती फूटपाथवरच्या कट्ट्यावर बसली आणि पाणी प्यायली. मग म्हणाली, "आता मला समिंदर दाव. लांबनं न्हाई. आतनं."

रात्रीची एसटी नऊच्या पुढं होती. मी टॅक्सी केली, सरळ भाऊचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य या भाऊंनी एकोणिसाव्या शतकात हा धक्का बांधला आणि तो त्यांच्याच नावानं राहिला. पाटीवर नाही तर तोंडात राहिलेल्या नावांपैकी हे एक. कोकणातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथल्या बोटींनी आली-गेली. घाटावरच्यांचा बंदराशी संबंध वेगळा: ते बोटीत बसले नाहीत, बोटीतून उतरलेला माल त्यांनी पाठीवर वाहिला. हार्बर लाइनची नावं अजून तेच सांगतात, डॉकयार्ड रोड, कॉटन ग्रीन. आम्ही त्या नावांतून आयुष्यभर जातो आणि बंदर बघत नाही.

धक्क्यावरून मोऱ्याला, म्हणजे उरणच्या बाजूला, लाँच जाते. निघण्याआधी भरती-ओहोटी विचारावी; ओहोटीला मोऱ्याकडं गाळामुळं बोट लागत नाही, फेऱ्या थांबतात. आमचं नशीब, पाणी होतं. मासळीच्या टोपल्या, एक मोटारसायकल, कॉलेजची पोरं आणि आम्ही. इंजिनाच्या धडधडीत आत्ती कठड्याला धरून बसली. नौदलाची राखाडी जहाजं, तेलाच्या टाक्यांचं बेट, मागं घारापुरीचा डोंगर, पलीकडं न्हावा-शेव्याच्या क्रेना जिराफांसारख्या. उत्तरेला अटल सेतू, २१.८ किलोमीटर, धुक्यात अर्धा. आमच्याकडच्या गाड्या आता त्यावरून वीस मिनिटांत शिवडीला उतरतात आणि खालच्या पाण्याकडं बघतही नाहीत. आत्तीनं हात बुडवून पाणी तोंडाला लावलं, थुंकलं आणि म्हणाली, "खारंच हाय." त्र्याहत्तर वर्षं ऐकीव होतं ते पडताळून झालं.

मोऱ्याहून रिक्षानं उरण स्टेशन. (इथं रिक्षा चालते.) उरणला लोकल आली ती १२ जानेवारी २०२४ ला, अटल सेतू खुला झाला त्याच दिवशी. नवं कोरं, मोकळं स्टेशन, फलाटावर आम्ही आणि वारा. पाटीवरचं नाव आत्तीनं अक्षर लावून वाचलं, उ-र-ण, आणि तिला इतकं हसू आलं की ठसका लागला. "आगं हे तर आपलंच हाय की! एक उकार पडलाय वाटंत." गाड्या थोड्या, पण आली ती जवळजवळ रिकामी. द्रोणागिरी, न्हावा शेवा, खारकोपर, बामणडोंगरी. खाजण, मिठागरांच्या खुणा, टॉवर, पुन्हा खाजण. परवा वाशीच्या पुलावर जाळीला बोटं लावणारी आत्ती आता खिडकीत कोपर टेकवून बसली होती, वर्षानुवर्षं पास काढल्यासारखी.

नेरूळला बदललं. एकच जिना, सरकता. ठाण्याची गाडी संध्याकाळच्या गर्दीनं भरून आली. आत शिरताच आत्तीनं स्वतःच एका बसलेल्या बाईला विचारलं, "कुटं उतरनार?" बाई जुईनगरची निघाली. आत्तीनं पिशवी पुढं करून जागा राखली आणि मिळवलीही. मी दाराजवळ, माणसांच्या पलीकडं, तिचा फक्त अंबाडा दिसत होता.

जुईनगरलाच बायकांचा नवा लोंढा आला. त्यातल्या एकीनं वाकून विचारलं, "आजी, कुठे उतरणार?"

तीन दिवसांत आत्तीला उत्तर थोडक्यात द्यायची अक्कल आली होती. तिला वाटलं, आता शेवटची गाडी, घराकडं निघालोय, तर घरचं नाव सांगावं.

"उरुणला," ती म्हणाली.

"उरण?" ती बाई जवळजवळ किंचाळली. "अहो आजी, उरण मागे राहिलं! तुम्ही उलट्या गाडीत बसलात!"

सगळा डबा जागा झाला. एक म्हणाली तुर्भ्याला उतरा आणि पूल ओलांडा, दुसरी म्हणाली पूल नको, कोपरखैरण्याला लिफ्ट आहे, तिसरीनं मोबाइल काढून उरणची पुढची गाडी शोधायला घेतली, कुणीतरी विचारलं बरोबर कोण आहे का. मी दारातून ओरडत होते, पण आवाज पोचत नव्हता. आत्ती बाकावर पूर्ण बूड टेकून बसली होती आणि एकेकीचं ऐकून घेत होती.